खोकणाऱ्या झऱ्याचं बूच

मिस्त्रीच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन्ही मुलगे. एक रडायला लागला की दुसरा लगेच त्याला साथ द्यायचा. मुलीचा नवरा जहाजावर कामाला, म्हणून ती बाळंतपणाला बापाच्या घरी आलेली. उन्हाळा असा पेटला होता की पत्र्यावर पाखरू टेकत नव्हतं. घराच्या मागच्या अंगाला दोन पायऱ्या उतरून एक खोली होती, जमिनीत अर्धी बुडालेली आणि माठासारखी गार. बाळंतीण आणि बाळं तिथेच निजायची.

त्याच उन्हाळ्यात गावचा बोअर खोकायला लागला.

अगदी माणसासारखा! पंप सुरू केला की नळ आधी गुरगुरायचा, मग फस्सकन वारा सोडायचा, मग एक गुळणी पाणी, परत वारा, परत गुळणी. एक घागर भरेपर्यंत रांगेतली दोन भांडणं उरकून व्हायची. बोअर मिस्त्रीने मारलेला, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. साऱ्या गावाला पाणी पाजणारा म्हणून तो मिरवला होता. आता गिरणीवाला त्याला भर रस्त्यात विचारायचा, "मिस्त्री, खाली पाणी लागलं होतं की एखादा दमेकरी म्हातारा?" लोक हसायचे. मिस्त्रीही हसायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या बोळाने जायचा.

पाणी खात्याने एका मॅडमना पाठवलं. मॅडम भूगर्भाचं शिकलेल्या. बांधा ठेंगणा, डोक्यावर छत्रीएवढी टोपी. त्यांनी पाईपला कान लावला, ओंजळीतलं पाणी चाखलं, आंबट लागतंय म्हणाल्या. मग मिस्त्रीकडे वळल्या.

"बोअर मारताना खालून वायू आला होता का?"

आला होता. चांगला शिट्टी वाजवत आला होता! पण मिस्त्रीच्या धंद्यात वारा लागणं म्हणजे नामुष्की. त्याच्या उस्तादाची शिकवण होती, पाणी लागलं तर तोंड उघड, वारा लागला तर तोंड दाब. पाईप आणि खडक यांच्या मधल्या फटीत ओलं गोणपाट आणि चिकणमाती कोंबायची, वरून लाकडी पाचरी ठोकायच्या. याला ते बूच म्हणत. मिस्त्रीच्या बुचातून मुंगी काय, मुंगीचा श्वास बाहेर पडायचा नाही. आणि बूच मारल्याचं कुणाला सांगायचं नाही, हाही धंद्याचा रिवाजच. वाढताना कुणी सांगतं का, भाजी तळाला लागलीय म्हणून?

"नाही," मिस्त्री म्हणाला. "नुसतं पाणी."

मॅडमनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला. ती डोललेली मान मिस्त्रीला उगाच बोचली.

वाट दाखवली ती खेचरवाल्याने. डोंगरापलीकडे मीठ वाहून नेणारा हा माणूस. त्याच्या खेचराला तो सासूबाई म्हणायचा, कारण ती वाटेत मध्येच थांबायची आणि तोंड फिरवून बघत राहायची. वरच्या कड्यात असाच एक खोकणारा झरा आहे, असं तो म्हणाला. मॅडमचे डोळे चमकले. खडक तोच असेल, तर बोअरच्या पोटात काय चाललंय ते कड्यावर उघड्या डोळ्यांनी दिसेल. आणि झऱ्याचं पाणी भरवशाचं निघालं, तर नळ घालून उतारावरून थेट गावात आणता येईल. निघायचं ठरलं.

दोरांसाठी दाजींना बरोबर घेतलं. दाजी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच चिमण्या आणि टाक्या दोराला लटकून रंगवणं हा त्यांचा उद्योग. पाय जमिनीवर असले की त्यांना चैन पडत नसे. ताई आणि दाजी मिस्त्रीच्याच घरात राहत; त्याची बायको गेल्यापासून घर ताईनेच सांभाळलं होतं. निघताना ताई उंबऱ्यात येऊन कुरकुरली, की मागच्या खोलीत कंदील टिकत नाही, पोरीचं डोकंही जड पडतं. मिस्त्री खेचरावर पोती आवळत होता. वात ओली असेल, म्हणाला, आणि गाठ मारली.

पहिला दिवस कोरड्या नदीच्या पात्रातून गेला. दोन्ही बाजूंना उभे काळे खडक, आणि त्यांना आडव्यातिडव्या भेगा पडलेल्या. एखादं मोठं मातीचं भांडं पडावं, फुटावं, आणि तरी तसंच उभं राहावं, तसा तो डोंगर दिसत होता. काही भेगा केसाएवढ्या, काहींत हात जाईल एवढ्या. बारीक भेगांतून ओल पाझरून पांढरे ओघळ उमटले होते. रुंद भेगा मात्र हाडासारख्या सुक्या. मॅडम प्रत्येक भेगेपाशी थांबायच्या. सासूबाईही थांबायच्या. दाजी म्हणाले, दोघींचा स्वभाव जुळतो, फक्त एक लिहून घेते आणि एक लाथ मारते. मॅडम इतक्या हसल्या की त्यांची टोपी पडली.

दुसऱ्या दिवशी घसरडीची चढण लागली. सुट्या दगडांचा तो उतार पाऊल ठेवलं की सळसळत खाली यायचा. दाजींनी वर जाऊन दोर बांधला. दोराला धरून एकेकाने चढायचं, आणि वरचा माणूस चढत असताना खालच्याने आडोशाला उभं राहायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं. मिस्त्री आडोशाला थांबला नाही. माणसांत मी सगळ्यांत कणखर, असं त्याला दाखवायचं होतं. मॅडम वर असतानाच तो निघाला.

आणि वरून धोंडा सुटला!

"मेहुणे, बाजूला!"

मिस्त्रीने वर पाहिलं आणि तो जागीच थिजला. धोंडा उसळत आला. दाजी घसरत, अक्षरशः बसून घसरत खाली आले, त्यांनी मिस्त्रीला कमरेला धरून ओढलं. दोघे कोलमडले. धोंडा त्यांच्या अंगावरून उडाला, पाण्याची मोठी पखाल फोडून खोलात गेला. पखाल फुटली ती फुटली. दुसऱ्या दगडाखाली दाजींचा घोटाही चिरडला.

 पायाला फडकं बांधताना दाजी एवढंच म्हणाले, की चिमणीवरून पडलो असतो तर निदान खाली रंग तरी सांडला असता. मिस्त्रीला हसू आलं नाही. पाणी उरलं होतं ते एका कातडी पिशवीत. परत फिरायचं तर तहानेचा एक आख्खा दिवस; पुढे जायचं तर झरा. पुढेच गेले. दाजींना सासूबाईवर बसवलं. तिनेही त्या दिवशी तोंड फिरवलं नाही.

झरा दिसण्याआधी ऐकू आला. खॉक… खॉक… आणि मग कुणी गुळणी टाकावी तसा आवाज.

उभ्या कड्याच्या निम्म्यावर अंगणाएवढा एक सपाट टप्पा होता. त्याच्या मागच्या भिंतीत झऱ्याचं तोंड. टप्प्याच्या बरोबर खाली, तीन पुरुष खोल, एक वाटोळा खळगा. भोवती खडकाचा काठ, आत दाट सावली. खेचराची वाट त्या खळग्यातच येऊन संपत होती. दाजींनी दुखऱ्या पायाने का होईना, वरून दोर सोडला, आणि सगळे टप्प्यावर पोचले. सासूबाई खळग्यातच राहिली.

भिंतीत दोन भेगा होत्या. एक रुंद, तिच्यातून नुसता वारा हुश्श करत येत होता. दुसरी तिच्या खाली, हातभर अंतरावर, तिच्यातून कधी पाणी यायचं, कधी वारा, कधी दोघांचा फेस. चौघे ओंजळीने पाणी प्यायले. थंडगार, आंबटसर, जिभेला टोचणारं. संध्याकाळचं ऊन कड्यावर तांबूस पसरलं होतं आणि गाव खूप खाली, सांडलेल्या धान्यासारखं दिसत होतं. मॅडम भिंतीला पाठ लावून बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. डोंगराच्या पोटात वायू आणि पाणी त्याच भेगांतून वर येतात. बारीक भेगा पाण्याला फडक्यासारख्या धरून ठेवतात, वायूला शिरू देत नाहीत. वायू रुंद वाट बघतो. पण जिथे दोघांना एकच वाट मिळते, तिथे एक शिरला की दुसरा अडतो. वायू मागे साठतो, मग पाण्याचा गोळा ढकलून बाहेर टाकतो. खोकला येतो तो असा.

"म्हणजे एका दारातून दोन जावा," दाजी म्हणाले. "एकीच्या हातात घागर, एकीच्या हातात परात. कुणीतरी अडणारच."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आणि एक दार बंद केलं तर दुसरी जाऊ घरात बसून राहत नाही. ती दुसरी भिंत फोडते. म्हणून उद्यापासून कुणी कशाला हात लावायचा नाही. वायू कुठेकुठे बाहेर येतो ते मला आधी बघू द्या."

मिस्त्री ऐकत होता. त्याच्या डोक्यात मात्र ती रुंद भेगच हुश्श करत होती.

सकाळी मॅडम टप्प्याच्या कडेकडेने कड्याच्या वळणापलीकडे गेल्या. खेचरवाला सरपणाला वर चढला. दाजींचा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. ते दोराने खाली खळग्यातल्या सावलीत जाऊन पडले. मिस्त्री झऱ्यापाशी एकटा उरला.

त्याने भेगेत हात घातला. भेग जणू मापाने कापल्यासारखी होती. खाली चिकणमाती होती, जवळ गोणपाट होतं, सरपणात एक चांगलं वाळकं लाकूड होतं. गिरणीवाल्याचं हसू आठवलं. रांगेतल्या बायका आठवल्या. मॅडम परत येतील तेव्हा पाणी एकसारखं वाहताना दिसेल, आणि त्या म्हणतील, हेच पाणी गावात न्यायचं! झरा दाखवला खेचरवाल्याने, पण पाणी गावात आणलं मिस्त्रीने, असं लोक म्हणतील. हात आपोआप चालू लागले. पाचर तासली, गोणपाट भिजवलं, माती मळली. कोंबलं. ठोकलं. आणखी ठोकलं.

हुश्श थांबलं.

खालची भेग एकदा मोठ्याने खोकली, आणि मग पाणी आलं. गुळणी नव्हे, धार! मनगटाएवढी स्वच्छ, अखंड धार! मिस्त्री तिच्याखाली डोकं घालून उभा राहिला. मग बुचावर त्याने माती सारवली, भिंत मुळातच तशी होती असं दिसेल इतक्या सफाईने वर दगडाची चीप बसवली, आणि हात धुतले.

मॅडम परत आल्या त्या धार बघून जागीच थांबल्या.

"कुणी काही केलं का?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "आपोआप बसला खोकला."

दुसऱ्यांदा मॅडमनी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्या गुडघ्यावर बसून धारेखाली डबा धरून मोजू लागल्या, तोंडावर लहान मुलीचा आनंद. असं पाणी दोन दिवस टिकलं तर नळ आणायचाच, म्हणाल्या. मुक्कामही खळग्यात हलवू, सावली आहे. मिस्त्री हो हो म्हणत राहिला.  

खेचरवाला सरपण टाकून सासूबाईला पाणी पाजायला दोराने उतरला. थोड्याच वेळात खालून त्याची हाक आली. हाक कसली, घोगरा ओरडा.

"सासूबाई पडली! उठत नाही! दाजीही…"

मिस्त्रीने तोंड उघडलं. आणि त्याच्या तोंडून काय निघावं?

"झोप लागली असेल."

खेचरवाला कसाबसा दोर धरून वर आला, ओठ निळे, पाय लटपटत, आणि टप्प्यावर ओकला. मॅडमनी कंदील पेटवला, दोरीला बांधला, खळग्यात सोडला. काठाच्या खाली हातभर गेल्यावर ज्योत लांबली, पिवळी झाली, आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. वरची वाट अडवलेला वायू खालच्या भेगांतून येऊन खळग्यात काठोकाठ भरला होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

मॅडमनी वळून बघितलं. धारेकडे नव्हे, मिस्त्रीकडे.

"बूच मी मारलंय," मिस्त्री म्हणाला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "काढा."

मिस्त्री भेगेवर तुटून पडला. चीप फेकली, माती ओरबाडली. पाचर हलेना! भिजून फुगली होती. त्याच्या सगळ्या जन्माचं कसब त्या पाचरीत होतं, आणि ते आता त्याला दाद देत नव्हतं. त्याने दगड घेतला. ठोकलं. नखं निघाली. पुन्हा ठोकलं. पाचर तिरकी झाली, करकरली…

धडाड! वाऱ्याने गोणपाटासकट त्याला टप्प्यावर पाठीवर आपटलं. धार तुटली. झरा परत खोकायला लागला.

पण खळगा भरलेलाच होता. हा वायू हवेपेक्षा जड असतो, मॅडम म्हणाल्या, पाण्यासारखा तळाला बसून राहतो. काठावरून सांडून जायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ दाजींकडे नाही. खेचरवाल्याला उभं राहता येत नव्हतं. मॅडमच्या अंगात दाजींना उचलण्याची ताकद नव्हती. म्हणजे कोण जाणार हे विचारायची गरजच नव्हती.

तरी मिस्त्रीचे पाय हलले नाहीत. काठावर उभा राहून तो त्या सावलीकडे बघत राहिला. ज्या माणसाने काल मागेपुढे न बघता घसरडीवर उडी टाकली, तो खाली पडला होता. आणि मिस्त्री मनात म्हणत होता, कदाचित गेलेच असतील, मग उतरून काय उपयोग? हा विचार त्याच्याच डोक्यात आला. दुसऱ्या कुणी घातला नाही. तो विचार ऐकून मिस्त्रीला स्वतःची अशी किळस आली की तिने त्याला ढकललं.

"मला बांधा."

छाती भरून श्वास घेतला. उतरला. डोळ्यांत टोचायला लागलं. पाय टेकले. सासूबाई आडवी, डोळे उघडे. दाजी कुठे? तळावर नाहीत! सासूबाई झोपेत लाथा मारते म्हणून ते खळग्याच्या एका बाजूच्या उंच धोंड्यावर, खोगिरावर डोकं ठेवून निजले होते. मिस्त्री धोंड्यावर चढला. छाती फुटायला आली. बरोबर आणलेला दुसरा दोर दाजींच्या काखेत घालता घालता त्याच्या तोंडून श्वास निसटला आणि आत गेला. नाकात मिरची पेटली! डोकं गरगरलं. गाठ अर्धीच राहिली. वरून मॅडमनी हिसका दिला आणि तो एकटाच वर आला.

दोन श्वास. तिसरा. परत उतरला. या वेळी डोळे मिटून, हातांनीच. काख सापडली. दोर घातला. गाठ मारली. दाजींनी शिकवलेलीच गाठ! दोर दोनदा ओढला.

मॅडम ओढत होत्या, खेचरवाला बसून ओढत होता, मिस्त्री खालून खांदा देत होता. दाजी वर गेले. मग मिस्त्री.

टप्प्यावर दाजींना पालथं-उताणं केलं, चोळलं, तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ काही नाही. मिस्त्री त्यांच्या छातीवर कान ठेवून पडला. मग एक खोकला आला. झऱ्याचा नव्हे.

दाजींनी डोळे उघडले, पण पुरते शुद्धीवर यायला ऊन डोक्यावर आलं. आवाज सुतासारखा बारीक होता.

"मेहुणे, सकाळी झरा खोकायचा थांबला. आवाज थांबला म्हणून जाग आली. म्हटलं, चला, पठ्ठ्याने काहीतरी केलं." थोडं थांबून ते म्हणाले, "मग परत झोप लागली."

मिस्त्रीने मान फिरवली. खेचरवाला काठाशी बसून खाली बघत होता. सासूबाईला वर आणायची गरज उरली नव्हती.

मॅडम मिस्त्रीजवळ येऊन बसल्या. त्यांनी हळूच विचारलं, "इथलं बूच सकाळी मारलंत. गावातलं कधी मारलंत?"

आता काय लपवायचं? मिस्त्रीने सगळं सांगितलं. शिट्टी वाजवत आलेला वारा, गोणपाट, पाचरी, उस्तादाची शिकवण. मॅडमनी फक्त एक विचारलं.

"गावात बोअरजवळ खळगा कुठे आहे? एखादं तळघर, खोलगट खोली?"

दोन पायऱ्या उतरून एक खोली होती. माठासारखी गार. तिथे कंदील टिकत नव्हता. वात ओली नव्हती!

मिस्त्रीने उठून कंदील पुन्हा खळग्यात सोडला; आता तो तळापर्यंत जळत राहिला. दाजी म्हणाले, तुम्ही पळा, मी आणि खेचरवाला आहोत इथे, पाणी आहे, शिदोरी आहे. त्यांना तसंच टाकून मिस्त्री आणि मॅडम निघाले. घसरडीवरून ते अक्षरशः वाहत आले. मॅडमची टोपी कुठे गेली कळलं नाही. नदीच्या पात्रात मिस्त्री दोनदा तोंडावर आपटला. रात्र एका खडकाच्या कुशीत काढावी लागली, आणि ती रात्र मिस्त्रीने बसून, हात मांडीखाली दाबून काढली. पहाटेच्या उजेडात परत पळाले. दुपारी गावात शिरले.

नळावर रांग होतीच. गिरणीवाल्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिस्त्रीचा अवतार बघून मिटलं. मिस्त्री या वेळी मागच्या बोळाने गेला नाही. भर रस्त्यातून धावला. घर. पडवी. मागचं दार. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि पायरीवर मांजर मरून पडलेलं.

मिस्त्रीने कडीला हात घालत पोरीला हाक मारली. 

"ओरडू नकोस हं," पाठीमागून ताईचा आवाज आला. "आत्ताच डोळा लागलाय दोघांचा."

ती पुढच्या खोलीतून आली होती, खांद्यावर फडकं, हातात पंखा. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी आम्ही बाहेर निजलो, ती म्हणाली. पोरीला उन्हाचा त्रास होतो खरा, पण जिथे दिवा गुदमरतो तिथे मी लेकरं ठेवू होय? मांजर मात्र ऐकेना. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि दाराकडे बघितलं.

"हे कुठे आहेत?"

त्याच दिवशी सगळ्या रांगेसमोर मिस्त्रीने बोअरचं बूच काढलं. मॅडमनी लोकांना लांब उभं केलं, घरांची दारंखिडक्या उघडायला लावल्या. पाचर काढण्याआधी मिस्त्री लोकांकडे वळून म्हणाला, की हे मी मारलं होतं, आणि मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. कुणी त्याला टोमणा मारला नाही. गिरणीवालासुद्धा चपलेने माती उकरत राहिला. टोमणा मारला असता तर मिस्त्रीला त्या गर्दीत उभं राहणं सोपं गेलं असतं.

डोंगरावरच्या झऱ्याला मग कुणी हात लावला नाही. त्याचं पाणी गावात आणायचं तर त्याच्या वाऱ्याला कुठे पाठवायचं, ते मॅडमना सांगता येईना, आणि सांगता येत नाही ते करायचं नाही असं त्या म्हणाल्या. गावच्या बोअरला त्यांनी शेजारी दुसरा पाईप बसवून घेतला, छपरांच्या वर जाणारा, नुसत्या वाऱ्यासाठी. तेव्हापासून वारा वरून जातो आणि पाणी खालून येतं, पूर्वीपेक्षा कमी, थोडं खोकतच. रांग लांबली. लोक सवयीला लागले.

दाजींना गावकऱ्यांनी झोळीतून उतरवून आणलं. ताईला त्यांनी सांगितलं, की मीच गाढव, भलत्या जागी झोपलो. मिस्त्री दारात उभा राहून ते ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने ताईला चुलीपाशी गाठलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं; काठावर उभं राहून मनात काय आलं होतं, तेही. ताई भांडी घासत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "हे झोपेत बोलतात." मग घासलेलं पातेलं त्याच्या हातात दिलं. "पुसून ठेव."

मिस्त्रीने पुढे पुष्कळ बोअर मारले. वारा लागला की तो आधी मालकाला हाक मारून दाखवायचा. खेचरवाल्याला त्याने नवं खेचर घेऊन दिलं. खेचरवाल्याने ते घेतलं, पण त्याला नाव ठेवलं नाही.

सासूबाई त्या उन्हाळ्यात मेली, कड्याखालच्या खळग्यात, दुपार व्हायच्या आत. दाजींचा पाय अधू राहिला, ते पुन्हा दोरावर चढले नाहीत. जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका सकाळी दाजी गेले.